कोळसा-डिझेल सोडून अणुवीज? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी तीसेक वर्षं वीज वितरणात गेली. उपकेंद्रं, रोहित्रं, पावसात तुटलेल्या तारा आणि बिल हातात घेऊन भांडायला आलेले ग्राहक, हेच माझं विद्यापीठ. निवृत्तीनंतर कॉलेजांत, ज्येष्ठ नागरिक संघांत विजेवर बोलायला बोलावतात. विषय काहीही असो, शेवटी प्रश्न अणुवीज आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर येऊन थांबतात. नेहमी येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हिशोबातले आकडे मुद्दाम गोल केलेत. दशांशाने इथे काही अडत नाही.

थोडक्यात सांगा: अणुवीज कोळसा आणि तेलाची जागा घेईल का?

तंत्र म्हणून पाहिलं तर बरीचशी घेऊ शकते. एकटी घेऊ शकत नाही. आणि आपण आज ज्या वेगाने अणुभट्ट्या बांधतो त्या वेगाने तर आपल्या नातवंडांच्या काळातही नाही. खरी अडचण बांधायला लागणाऱ्या वर्षांची आहे. तितकीच मोठी अडचण ती वीज वापरणारी यंत्रं घराघरांत आणि कारखान्यांत पोचवण्याची आहे, आणि ती मात्र लोकांच्या ध्यानातच नसते. अणुभट्टी कितीही बांधा, दारात डिझेलचा ट्रॅक्टर आणि ओट्यावर सिलिंडर असेल तर त्या विजेचा त्यांना उपयोग शून्य.

वीज म्हणजेच ऊर्जा ना? मग सगळी वीज स्वच्छ केली की झालं.

नाही झालं. भारतात लोक आणि उद्योग शेवटी जी ऊर्जा वापरतात त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा विजेच्या रूपात येतो. बाकी सगळं थेट जाळणं: ट्रकमध्ये डिझेल, बॉयलरमध्ये कोळसा, शेगडीत गॅस, चुलीत लाकूड.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फ्रान्सचं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी देशाची वीज अणुभट्ट्यांवर नेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्या काळी तिथे एक घोषवाक्य गाजलं, ‘आमच्याकडे तेल नाही, पण कल्पना आहेत’. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्यांनी ५८ अणुभट्ट्या उभ्या केल्या आणि विजेतला अणूचा वाटा ७० टक्क्यांवर नेला. जगात दुसऱ्या कुठल्या मोठ्या देशाला हे जमलेलं नाही. तरीही फ्रान्सच्या अंतिम ऊर्जावापरात आज निम्म्याहून जास्त वाटा तेल आणि गॅसचाच आहे. गाड्या पेट्रोल-डिझेलवर राहिल्या, बरीच घरं गॅसवर तापत राहिली. वीज बदलली, वापर बदलला नाही.

भारताला किती अणुभट्ट्या लागतील?

हिशोब पाठकोऱ्या कागदावर होतो, चला करू.

आपली स्वतःच्या बनावटीची मोठी अणुभट्टी ७०० मेगावॅटची. ती वर्षाच्या ८५ टक्के वेळ पूर्ण ताकदीने चालली तर साधारण ५.२ अब्ज युनिट वीज देते. देशात वर्षाला १,८०० अब्ज युनिटच्या आसपास वीज तयार होते आणि त्यातली सुमारे १,३०० अब्ज कोळशाची असते. भागाकार केला की उत्तर येतं २५० अणुभट्ट्या. हे फक्त कोळशाच्या आजच्या विजेसाठी.

आता गाड्या. देशात वर्षाला १३० दशलक्ष टनांच्या आसपास पेट्रोल-डिझेल जळतं. एका किलोत साधारण १२ युनिटइतकी उष्णता असते, म्हणजे झाले १,५०० अब्ज युनिटहून जास्त. पण इथे एक सुखाची गोष्ट आहे. इंजिन त्यातली पाऊण उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर फेकतं, विजेची मोटर तसं करत नाही. त्यामुळे तेवढ्याच प्रवासाला वीज साधारण एक तृतीयांश, ५०० अब्ज युनिट पुरते. म्हणजे आणखी शंभरेक अणुभट्ट्या. घरगुती गॅस इंडक्शनवर नेला तर अजून पन्नासेक.

एकूण ४००. कारखान्यांची भट्टी-बॉयलर अजून धरलेली नाहीत, आणि मागणी वाढते आहे तेही धरलेलं नाही. आज आपल्याकडे किती आहेत? लहानमोठ्या मिळून दोन डझन, एकूण ८,८०० मेगावॅटच्या जवळपास. देशाच्या विजेत त्यांचा वाटा ३ टक्के.

पण सरकारने १ लाख मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलंय ना?

ठेवलंय. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ सालासाठी ते जाहीर झालं. लाख मेगावॅट पूर्ण क्षमतेच्या ८५ टक्के चालले तर साधारण ७५० अब्ज युनिट मिळतील. वरच्या आकड्यांशी ताडून बघा: आजच्या कोळशाच्या विजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. तोवर देशाची मागणी आहे तिथे थांबणार नाही. म्हणून उद्दिष्ट पुरं झालं तरी अणुवीज ताटातली भाकरी असेल, सगळं ताट नव्हे. आणि ते पुरं करायचं तर बावीस वर्षांत आजच्या अकरापट जायचं आहे.

इतक्या वेगाने बांधणं शक्य तरी आहे का?

या प्रश्नाला मी नेहमी तारापूरने उत्तर देतो, कारण दोन्ही बाजूंचे पुरावे एकाच देशात सापडतात.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज देऊ लागल्या. त्यांच्याच शेजारी आपल्या लोकांनी ५४० मेगावॅटच्या दोन बांधल्या. चौथ्या क्रमांकाच्या भट्टीचं पहिलं काँक्रीट मार्च २००० मध्ये पडलं आणि सप्टेंबर २००५ मध्ये ती व्यापारी वीज देऊ लागली. साडेपाच वर्षं! पुण्या-मुंबईत काही उड्डाणपुलांना याहून जास्त लागलीत.

आता काक्रापार. गुजरातेतल्या या केंद्रातली पहिली ७०० मेगावॅटची भट्टी २०१० च्या अखेरीस बांधायला घेतली, व्यापारी वीज जून २०२३ मध्ये आली. साडेबारा वर्षं. तोच देश, तीच संस्था, तशाच जातीची भट्टी, फक्त थोडी मोठी.

बाहेर बघितलं तरी असंच दिसतं. ज्या फ्रान्सने पूर्वी एकेका वर्षात अनेक भट्ट्या सुरू केल्या, त्याच फ्रान्सला फ्लामांव्हिलची एक भट्टी जोडायला २००७ ते डिसेंबर २०२४ एवढा काळ लागला. खर्च ३.३ अब्ज युरोंचा अंदाज होता, तो १३ अब्जांपुढे गेला. फिनलंडची ओल्किलुओटो-३ सुद्धा २००५ ला बांधायला घेतली आणि २०२३ मध्ये नियमित चालू झाली. उलट कोरियन कंपन्यांनी संयुक्त अरब अमिरातीत बराका इथे चार भट्ट्या २०१२ ते २०२४ या काळात पूर्ण केल्या आणि त्या देशाची पाव वीज आता तिथून येते.

माझा निष्कर्ष साधा आहे. एकच आराखडा, एकच कुशल चमू, एकामागून एक काम असं असेल तर पाच-सहा वर्षांत भट्टी होते. दहा वर्षं काहीच बांधलं नाही आणि मग नव्याच आराखड्याला हात घातला, की वेल्डरपासून तपासनीसापर्यंत सगळे पहिल्यापासून शिकतात आणि व्याज चढत राहतं. २०१७ मध्ये केंद्राने ७०० मेगावॅटच्या १० भट्ट्यांना एकगठ्ठा मंजुरी दिली ती याच विचाराने. विचार बरोबर होता. कामांनी मात्र अजून तो वेग धरलेला नाही.

अणुवीज स्वस्त की महाग?

जुनी स्वस्त, नवी महाग. भट्टीचा बहुतेक खर्च बांधताना होतो, इंधनाचा वाटा लहान. त्यामुळे कर्ज फिटलेली जुनी केंद्रं अगदी स्वस्तात वीज देतात, आणि नव्या केंद्राचा दर तुम्ही कर्ज किती टक्क्यांनी आणि किती वर्षं वागवलंत यावर ठरतो. राजस्थानात माही-बांसवाडा इथे २,८०० मेगावॅटच्या केंद्राची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली, अंदाज ४२,००० कोटींचा. म्हणजे मेगावॅटला १५ कोटी. पाच वर्षं उशीर झाला तर काय होतं ते गृहकर्ज घेतलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

सौर वीज अडीच रुपयांत मिळतेय. मग एवढा खटाटोप कशाला?

हा सगळ्यात रास्त प्रश्न, आणि अणुवीजवाले याला अनेकदा टाळाटाळीचं उत्तर देतात.

सौर लिलावांत युनिटमागे अडीच रुपयांच्या आसपास दर येतात हे खरं. प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो हेही खरं. महाराष्ट्रात शेतीचे फीडर सौरवर नेण्याचं काम चाललंय आणि ते मला मनापासून पटतं, कारण शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच असते. रात्री दोन वाजता विंचूकाट्यात मोटर चालू करायला कोण खुशीने जातं?

पण मी नियंत्रण कक्षात बसलेला माणूस आहे. संध्याकाळी साडेसहाला सौर वीज संपते आणि नेमके तेव्हाच दिवे, पंखे, टीव्ही लागतात. आता त्यात इंडक्शन आणि गाडीचं चार्जिंग येणार. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, त्या संध्याकाळचे चार तास सांभाळतील. पाणी वर चढवून रात्री सोडणारे प्रकल्प आहेत, आपल्याकडे घाटघरचा २५० मेगावॅटचा आहे, आणि सह्याद्रीचा कडा अशा कामाला देवाने दिल्यासारखा आहे. पण आषाढात आठवडाभर सूर्य दिसत नाही तेव्हा काय? तेव्हा आज आपण कोळसा जाळतो. तिथे कैगासारखं केंद्र उपयोगी पडतं. गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या कैगातली पहिल्या क्रमांकाची भट्टी २०१८ च्या अखेरीपर्यंत न थांबता सलग ९६२ दिवस चालली होती.

जागेचाही मुद्दा आहे. ७०० मेगावॅटच्या एका भट्टीइतकी वीज वर्षभरात सौरमधून मिळवायची तर ३,००० मेगावॅटच्या पाट्या लागतात, म्हणजे बारा ते पंधरा हजार एकर. माळरान असेल तिथे ठीक. कोकणात किंवा कोल्हापुरात कुठून आणणार?

म्हणून माझं मत: सौर आधी आणि भरपूर, कारण ती आज मिळते. अणू तिच्या पाठीशी, कारण ती पंधरा वर्षांनी लागणार आहे आणि आज सुरू केली तरच तेव्हा मिळेल.

युरेनियम पुरेल का? आणि आपल्या थोरियमचं काय झालं?

झारखंडातलं जादुगुडा आणि आंध्रातलं तुम्मलपल्ले इथे आपल्या खाणी आहेत, पण धातुकात युरेनियम विरळ. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला सूट दिल्यावर कझाकस्तान, रशिया, कॅनडाकडून इंधन आणता आलं आणि आपल्या भट्ट्यांची उपासमार संपली. आयात म्हटलं की लोक दचकतात. पण युरेनियम काही वर्षांचं साठवून ठेवता येतं, कच्चं तेल तसं नाही, आणि तेल तर आपण ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच आणतो.

थोरियमवर भाषणं खूप होतात. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर ते भरपूर आहे. पण थोरियम हे ओलं लाकूड समजा: स्वतः पेट घेत नाही, आधी दुसऱ्या जाळावर वाळवावं लागतं. भट्टीत न्यूट्रॉन खाऊन त्याचं युरेनियम-२३३ झालं की मग ते जळतं. होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेली तीन टप्प्यांची योजना यासाठीच होती. दुसऱ्या टप्प्याची तमिळनाडूतल्या कल्पक्कमची ५०० मेगावॅटची भट्टी २००४ मध्ये बांधायला घेतली, तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडला. तिसऱ्या टप्प्याच्या भरवशावर या पिढीने आपलं वेळापत्रक बांधू नये.

फुकुशिमासारखं इथे झालं तर?

आधी तिथे काय झालं ते पाहू. ११ मार्च २०११ च्या भूकंपात भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण बंद झालेली भट्टी लगेच थंड होत नाही. सुरुवातीला मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता येतच राहते, आणि ती काढायला पंप चालू ठेवावा लागतो. सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले, इंधन वितळलं. घात केला तो वीजपुरवठ्याने.

आपल्याकडेही कान टोचणाऱ्या घटना घडल्या आहेत. १९९३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनच्या इमारतीला आग लागून पूर्ण केंद्राची वीज गेली. कर्मचाऱ्यांनी हिमतीने भट्टी सांभाळली. १९९४ मध्ये कैगात बांधकाम चालू असताना आतला काँक्रीटचा घुमट ढासळला, सुदैवाने इंधन यायच्या आधी. दुसऱ्या बाजूला, २००४ च्या त्सुनामीत कल्पक्कमला पाणी शिरलं आणि भट्टी सुरक्षित बंद करण्यात आली.

तुलना केली तर युनिटमागे मृत्यू कोळशाने शेकडो पटींनी जास्त होतात, मुख्यतः धुराने. पण ते मृत्यू एकेक करून, छातीच्या दवाखान्यात होतात, त्यांची बातमी होत नाही. चंद्रपूरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरी मी भीतीला खुळचट म्हणणार नाही. फुकुशिमात दीड लाखांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली आणि त्या पळापळीत, छावण्यांत दोन हजारांवर माणसं दगावली. किरणोत्साराने झालेला म्हणून जपान सरकारने एकच मृत्यू मान्य केला. म्हणजे खरा प्रश्न असा: संकट आलंच तर आपलं प्रशासन लाखभर लोकांना नीट हलवू शकेल का? याचं उत्तर अणुशास्त्रात नाही, तहसील कचेरीत आहे.

किरणोत्सारी कचऱ्याचं काय करतात?

७०० मेगावॅटची आपली भट्टी वर्षाला साधारण १०० टन वापरलेलं इंधन बाहेर टाकते. धातू जड असल्याने ते फार जागा घेत नाही. आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत, मग आपण त्यातलं उपयोगी प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढतो. उरलेला जहाल भाग काचेत ओतून गोठवतात. हे काम तारापूरला होतं. हजारो वर्षांसाठी खोल खडकात पुरायची जागा फिनलंडने ओंकालो इथे खोदली आहे, आपण अजून तशी ठरवलेली नाही. ही उणीव आहेच.

शेजारी कोळसा ठेवा. हजार मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला दिवसाला तेरा-चौदा हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीचे तीन-चार रेक रोज. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. ती राख कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला उघड्यावर दिसते, आणि तिचा तळ्याचा बांध फुटला की कुणाच्या शेतात जाते तेही तिथल्या लोकांनी पाहिलंय.

मग तुम्ही जैतापूरच्या बाजूचे?

हा प्रश्न रत्नागिरीत आला की सभागृह शांत होतं.

राजापूर तालुक्यात माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरिलवाडा या गावांच्या जमिनीवर १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. जगातलं सगळ्यात मोठं अणुकेंद्र होईल असं सांगितलं गेलं. २०१० मध्ये करारांवर सह्या झाल्या. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमानंतर सव्वा महिन्यातच, आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि साखरी नाटे गावचा एक मच्छीमार गेला. तेव्हापासून तिथे भट्टीचं काँक्रीट पडलेलं नाही.

मला अणुवीज हवी आहे. तरीही जैतापूर ज्या पद्धतीने लोकांपुढे मांडलं गेलं ते चुकलं, असं माझं ठाम मत आहे. सड्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराला, कागदावर ओसाड म्हटलं. सडा ओसाड नसतो; तिथे गुरं चरतात, पावसाळ्यात भात-नाचणी होते, कडेला काजू-आंबा असतो. मच्छीमारांची जमीन जाणार नव्हती, म्हणून त्यांना बाधितांत धरलं नाही. पण केंद्रातून बाहेर पडणारं कोमट पाणी समुद्रातच जाणार होतं. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांचं पुनर्वसनाचं भांडण कसं वर्षानुवर्षं चाललं, तेही कोकणाला ठाऊक होतं. शेजारच्या घरात काय घडलं ते पाहूनच माणूस सोयरीक करतो.

भट्टीचा आराखडाही तोच, जो फ्लामांव्हिलला सतरा वर्षं रखडला. शिवाय नुकसानभरपाई कुणी द्यायची हा तिढा. २०१० च्या कायद्याने भट्टी पुरवणाऱ्या कंपनीवरही जबाबदारी टाकली, म्हणून परदेशी कंपन्या मागे राहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून ती सैल केली आणि खासगी कंपन्यांनाही अणुवीज क्षेत्राचं दार उघडलं. गुंतवणूक येईल. पण ज्याच्या दारात भट्टी येणार त्याला या बदलात काय मिळालं, हे त्याला कुणी समजावून सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

छोट्या अणुभट्ट्या हा तोडगा आहे का?

असू शकतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी २०,००० कोटींची योजना आणि २०३३ पर्यंत पाच भट्ट्यांचं लक्ष्य आहे. जुन्या औष्णिक केंद्राच्या जागी, तिथलीच पाण्याची आणि पारेषण वाहिन्यांची सोय वापरून त्या बसवायच्या, ही कल्पना मला आवडते. पण लहान भट्टी मेगावॅटमागे महाग पडते. कारखान्यात शेकड्याने तयार झाली तरच स्वस्त होईल. पहिली चार-पाच महागच असणार.

कोळशाच्या विजेवर गाडी चालवून प्रदूषण फक्त चंद्रपूरला ढकललं ना?

काही अंशी हो. पण हिशोब गाडीच्या बाजूने आहे. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते आणि किलोमीटरला साधारण ५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते. आजच्या कोळशाळलेल्या विजेवरसुद्धा तो आकडा २५ ग्रॅमच्या आत राहतो. वीज जसजशी स्वच्छ होईल तशी तीच जुनी स्कूटर आपोआप स्वच्छ होते. पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही.

विजेवर मोठं काहीतरी नेऊन दाखवलंय का आपण?

रेल्वे! ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली. शंभर वर्षांत ब्रॉडगेज जवळजवळ संपूर्ण विजेवर आलं. कोकण रेल्वेचे ७४१ किलोमीटर, तेही बोगदे आणि दरडींतून, मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले. कोलाड ते वेर्णा रेल्वेच्या पाठीवर बसून जाणारे ट्रक पाहिलेत ना? डिझेलचा ट्रक, डिझेल न जाळता घाट उतरतो. मला विद्युतीकरणाचं याहून चांगलं चित्र माहीत नाही.

रस्त्यावर एसटीच्या इलेक्ट्रिक बस २०२२ पासून पुणे-नगर मार्गाने सुरू झाल्या. लांब पल्ल्याचे ट्रक मात्र अजून बाकी आहेत.

पोलाद, सिमेंट, साखर?

साखर कारखान्याची चिंता सोडा, तो बगॅसवर चालतो आणि वर वीज विकतो. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कोकवर चालणारी क्युपोला भट्टी जाऊन इंडक्शन फर्नेस येणं हे तर बऱ्याच ठिकाणी झालंच आहे. तिथला प्रश्न युनिटच्या दराचा. इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसिंगला वाफ लागते, तीही विजेवर निघू शकते, पण आज परवडत नाही.

खरं अडतं सिमेंटवर. तिथला निम्म्याहून जास्त कार्बन इंधनातून येतच नाही, चुनखडी तापवली की दगडातूनच निघतो. भट्टी अणुविजेवर चालवा नाहीतर चंदनावर, तो निघणारच. खनिजातून पोलाद काढायला कोकऐवजी हायड्रोजन चालतो, मात्र वीज प्रचंड लागते. विमानं आणि युरिया यांचंही तसंच.

आमच्या डीपीला हे झेपेल का?

आता माझ्या गल्लीत आलात.

गावातली शंभर केव्हीएची डीपी आणि तिच्यावर साठ घरं धरा. संध्याकाळी सातला सगळ्यांनी दीड किलोवॅटच्या शेगड्या लावल्या तर स्वयंपाकाचेच ९० किलोवॅट झाले. दिवे, पंखे, पिठाची गिरणी आणि तारेवर टाकलेले दोन चोरीचे आकडे अजून बाकी. ती डीपी पहिल्याच आठवड्यात तेल सांडायला लागेल.

मी राहतो त्या सोसायटीत तीन वर्षांत अकरा इलेक्ट्रिक गाड्या आल्या. मे महिन्यात एसी आणि चार्जर एकाच वेळी लागले आणि रात्री साडेअकराला फ्यूज उडाला. मग सभेत ज्यांच्याकडे गाडी नाही ते म्हणाले, केबलचा खर्च आम्ही का द्यायचा? ते भांडण दीड वर्ष चाललं. शेवटी तोडगा तीन ओळींचा निघाला: चार्जिंग रात्री बारानंतर, स्वतंत्र मीटर, केबल गाडीवाल्यांची.

अणुभट्टीच्या चर्चेत हजारो कोटींचे आकडे फिरतात, पण शेवटच्या खांबावरची तार जाड करायला पैसे द्यायचे म्हटलं की सगळ्यांचे हात आखडतात. विद्युतीकरण रखडलं तर ते जैतापूरला रखडण्याआधी इथे रखडेल.

कोळसा खाणीतल्या आणि औष्णिक केंद्रातल्या लोकांचं काय?

देशाचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांपुढे गेलं. म्हणजे खाणी उद्या बंद होत नाहीत. पण चंद्रपूर, वणी, उमरेडच्या पोरांनी तिशी-पस्तिशीची नोकरी कोळशावर धरावी का, हे त्यांना आजच सांगायला हवं. टर्बाइन आणि जनरेटर दोन्हीकडे सारखेच असतात. २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्रातल्या फिटरला अणुकेंद्रातलं निम्मं काम आधीच येतं. खाणीतल्या कंत्राटी मजुराला मात्र असा पूल नाही.

घरी गॅस काढून इंडक्शन घेऊ का?

१४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण १३० युनिटमध्ये होतं. महिन्याला एक सिलिंडर लागत असेल तर बिलात १३० युनिट वाढतील. आणि इथे स्लॅब आडवा येतो: आज १०० युनिटच्या आत असाल तर पुढच्या स्लॅबमध्ये जाल आणि वरचं प्रत्येक युनिट महाग पडेल. छतावर सौर असेल तर दुपारचा स्वयंपाक जवळपास फुकट.

माझ्या घरी दोन्ही आहे. कुकर, चहा, दूध, भाजी इंडक्शनवर. भाकरी गॅसवर, कारण तव्यावरून उचलून थेट जाळावर धरल्याशिवाय ती फुगत नाही असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे, आणि सिलिंडर आता चार महिने जातो.